दुपारचं चित्र

हॉटेलवाल्याची अट एकच होती: पक्ष्याचा डोळा दिसला पाहिजे.

मुंबई-आग्रा रस्त्यावर त्याचं नवं हॉटेल उभं राहत होतं आणि जेवणाच्या दालनातली समोरची अख्खी भिंत त्याने चंबळसाठी राखून ठेवली होती. डाकू नकोत, म्हणाला, ते आता सिनेमातही चालत नाहीत. घडियालही नको, लोक जेवत असताना शंभर दात कशाला दाखवायचे? त्याला पाणचिरे हवे होते. कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने फोटो पाहिला होता: वाळूत खळगा, खळग्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी आणि शेजारी केशरी चोचीचा पक्षी. "असंच, पण मोठं. आणि खाली लिहायचं, जागेवर बसून काढलेलं."

पोरगा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला. शिंद्यांच्या मागोमाग तिकडे गेलेली आणि तिथलीच होऊन गेलेली जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या एका घरातला. आईशी मराठी, गल्लीत हिंदी, रागावला की दोन्ही. कला महाविद्यालय नुकतंच संपलं होतं आणि स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला अजून जीभ रेटत नव्हती. आपण त्याला चित्रकारच म्हणू. त्याने इसार घेतला, त्याच संध्याकाळी कागदवाल्याची उधारी भागवली आणि सरांकडे गेला.

सर इंदूरच्या वळणाचे. 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इंदुरात चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सगळे तिच्यातून बाहेर पडले. पोरांनी चार भिंतींत न बसता उन्हात, घाटावर, बाजारात जाऊन काढावं, ही तिथली शिस्त. सरांनी ती जन्मभर पाळली आणि विद्यार्थ्यांना छळण्यासाठीही वापरली. चित्रकाराने फोटो दाखवले तेव्हा त्यांनी ते नीट पाहिलेसुद्धा नाहीत. "यावरून काढलंस तर फोटोवाल्याने जे पाहिलं तेच तू पाहशील. जागेवर बसून असं लिहायचंय ना? मग बस की जाऊन."

वनखात्याचा परवाना निघेपर्यंत मे उजाडला.

मुरैन्यापासून नदीकडे जाताना जमीन अचानक संपते. सपाट शेत, बाभळी, एखादं मंदिर, आणि पुढच्या पावलाला खाली सगळं चिरफाळलेलं. हेच बीहड. यांना टेकड्या म्हणावं तर सगळ्यांचे माथे एकाच पातळीत. कारण मुळात ते मैदानच होतं, शतकानुशतकं पावसाने मऊ गाळाची माती खरवडून खरवडून त्याची ही दशा केली. मातीचा रंग ट्यूबमधल्या यलो ऑकरच्या जवळचा, पण ऊन कललं की त्यात कुठूनशी गुलाबी झाक येते. चित्रकार तिथेच तासभर थांबला. त्याला उतरवून देणारा मोटारसायकलवाला कंटाळून निघून गेला.

आणि या सगळ्या उन्हाने भाजलेल्या चिखलातून खाली उतरल्यावर पाणी असं नितळ, की गुडघाभर पाण्यातले आपल्या पायाचे अंगठे दिसावेत. चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते, सुमारे 960 किलोमीटर वाहते आणि इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. महाभारतातली चर्मण्वती ती हीच. रंतिदेवाच्या यज्ञात बळी दिलेल्या जनावरांच्या कातड्यांतून ती वाहू लागली, अशी कथा. कालिदासाने मेघदूतात तिला ओझरता नमस्कार केला आहे. तिला द्रौपदीचा शाप आहे असंही तिकडे सांगतात. शापामुळे म्हणा, बीहडांमुळे म्हणा किंवा बंदूकवाल्यांच्या धाकामुळे, या पट्ट्यात तिच्या काठी मोठी तीर्थं झाली नाहीत, मोठे कारखाने आले नाहीत. ज्या नद्यांच्या आपण रोज आरत्या करतो त्यांची अवस्था पाहिली की वाटतं, काही नद्यांना शाप मिळालेलाच बरा. 1978-79 च्या सुमारास काठच्या तिन्ही राज्यांनी मिळून नदीचा लांबच लांब पट्टा अभयारण्य म्हणून राखला. आज जगात घडियालांची सर्वांत मोठी वस्ती इथेच आहे.

काठावर दद्दा वाट पाहत होता.

दद्दा जातीचा केवट, साठी ओलांडलेला, पायाची नखं वाळूने घासून पांढरी झालेली. तरुणपणी याच पात्रात त्याने कलिंगडं लावली होती आणि कासवांची अंडी उकरून खाल्लीही होती. हे तो न लाजता सांगे. आता तो घरट्यांचा राखणदार होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चंबळकाठच्या गावांतली माणसं पाणचिऱ्यांच्या राखणीला लावली, त्या पद्धतीचं हे काम. वाळूच्या बेटावर पक्षी अंडी घालतात तेवढे महिने समोरच्या काठावर मांडव घालून बसायचं, कुत्री, कोल्हे, गुरं आणि माणसं हाकलायची, आणि वहीत नोंद करायची.

"घरटी कुठेत, दद्दा?"

"ती काय समोर."

चित्रकाराला समोर वाळू दिसली. दद्दाने दुर्बीण दिली. मग वाळूला कापरं भरल्यासारखं झालं आणि त्या उन्हाच्या लाटांत काळ्या-पांढऱ्या खुणा दिसू लागल्या. पंधरावीस पक्षी, सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. मध्ये दोनशे पावलांचं पाणी आणि रेती.

"इथून काढू?"

"इथूनच सगळे बघतात."

"मला डोळा काढायचाय, दद्दा."

"तुला डोळा दिला देवाने," दद्दा म्हणाला, "त्याने बघ."

पहिले काही दिवस चित्रकाराने मुकाट्याने मांडवाखालून काम केलं. झाऊच्या फांद्या आणि त्यावर जुन्या साड्या, असा तो मांडव. जलरंगाला मे महिन्यातली चंबळ म्हणजे शिक्षा. कुंचला कागदावरून उचलायच्या आत वॉश वाळायचा, पॅलेटमधल्या रंगाला साय धरायची. तो पहाटे आणि सूर्य कलल्यावर काढू लागला, आणि तेव्हाच नदीवर खरी लगबग असते. एका नर कासवाचं डोकं त्याने पाहिलं, त्यावर लाल, निळे, पिवळे पट्टे. दद्दा चेष्टा करतोय असंच त्याला आधी वाटलं होतं. चित्रात काढलं तर सर म्हणतील, रंग आवर. घडियालाचा नर काठावर पडून असे, नाकाच्या टोकावर ती गाठ मिरवत. त्याचे पाय अंगाखाली जवळजवळ दिसतच नाहीत. मोठं घडियाल जमिनीवर उभं राहून चालत नाही, पोटावर सरपटतं. चित्रकाराने कॉलेजात भित्तिचित्रासाठी काढलेलं घडियाल ऐटीत चार पायांवर उभं होतं, हे त्याला आठवलं आणि त्याने ते दद्दाला सांगितलं नाही.

संध्याकाळी पाणचिरे शिकारीला निघत. या पक्ष्याची खालची चोच वरच्या चोचीहून लांब. चोच उघडून तो खालचा भाग पाण्यात लावतो आणि पाण्यालगत सरळ उडत जातो. मासा चोचीला लागला की मान खाली झटकून मिटतो. त्याच्या मागे पाण्यावर एक रेघ उमटते, काही क्षण टिकते, मिटते. मग तो वळतो आणि त्याच रेघेवरून परत येतो. चित्रकार ती रेघ काढून काढून थकला. कागदावर ती तारेसारखी ताठ यायची.

हॉटेलवाल्याचे निरोप येत होते. मांडवात नेटवर्क नव्हतं. बीहडाच्या माथ्यावर चढलं की फोन एकदम सगळे निरोप ओकायचा. किती झालं? डोळा दिसतोय ना?

डोळा दिसत नव्हता. दुर्बिणीतूनही काळ्या टोपीत काळा डोळा बुडून जायचा.

जवळ जायची ही ओढ चित्रकारांत जुनीच आहे. अमेरिकेतल्या जॉन जेम्स ऑड्युबॉनने 1827 ते 1838 या काळात पक्ष्यांची 435 चित्रं छापली, तीही पक्ष्याच्या खऱ्या मापाची. त्यांत तिकडचा पाणचिराही आहे, आपल्या पाणचिऱ्याचा चुलतभाऊ. चित्रं बघताना श्वास अडकतो, एवढी ती जिवंत. ती काढण्यासाठी ऑड्युबॉन पक्षी बंदुकीने मारायचा आणि तारा टोचून त्यांना उडत्या आवेशात उभे करायचा. त्या काळी दुर्बिणी कसल्या होत्या, कॅमेरा नव्हता, हे सगळं मान्य. तरी त्या चित्रांपुढे उभं राहिलं की तारा आठवतातच. निदान मला आठवतात.

मेच्या शेवटाला नदी आणखी उतरली. वर कोट्याच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत पाणी जातं, ते शेतांना लागतं. खाली पात्र आकसतं. बेट आणि काठ यांच्यामधल्या धारेत आता कमरेऐवजी गुडघाभर पाणी उरलं. दद्दाची झोप उडाली. धार तुटली की कुत्री चालत जातात. तो रात्री दोनदा उठून काठी आपटत फेरी मारायचा.

अशात एका दुपारी गावातून निरोप आला, नातीला ताप चढलाय. दद्दा तिला दवाखान्यात न्यायला निघाला. जाताना म्हणाला, "उद्या उजाडताना येतो. कुत्रं दिसलं तर ओरड. पाण्यात उतरू नकोस." चित्रकाराने मान हलवली.

तो उतरला. फळी, कागद, रंगांची डबी, पाण्याचा मग, डोक्याला पंचा. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं.

पलीकडे पाऊल टाकताच सगळे पक्षी उठले. केशरी चोची डोक्यावरून सपासप जाऊ लागल्या, आवाज कुत्र्याच्या पिल्लाने भुंकावं तसा. तो खाली बसला आणि त्याने पाहिलं. पायापासून हातभर अंतरावर वाळूत बशीएवढा खळगा, त्यात तीन अंडी. पिवळसर करडी, त्यावर तपकिरी आणि आतून फिकट जांभळे डाग. असे की डोळा हलला तर पुन्हा सापडू नयेत. पलीकडे आणखी एक खळगा. आणखी एक. अंड्यांच्या सावल्या अगदी पोटाखाली, कारण सूर्य डोक्यावर.

त्यानंतर त्याचा हात जसा चालला तसा आधी कधी चालला नव्हता. पेन्सिल न लावता थेट रंग. वाळू नुसत्या रॉ सिएनाच्या पातळ हाताने, अंडी ओल्यात ओलं टाकून, सावलीला अल्ट्रामरीनमध्ये जरासा बर्न्ट सिएना. वर झेपावणारा एक पक्षी त्याने चार फटकाऱ्यांत पकडला, आणि हो, डोळा दिसला. गडद तपकिरी, जवळजवळ काळा, ओलसर, थेट त्याच्यावर रोखलेला. तेवढ्यात अगदी डोक्यावरून गेलेल्या एका पक्ष्याच्या पोटाखालून पाण्याचे दोन थेंब टपकले आणि एक कागदावरच्या ओल्या वाळूत पडला. रंग बाजूला सरकला, फुलासारखा पांढरा डाग उमटला. जलरंगवाले असल्या डागांसाठी नवस करतात. त्याने तो पुसला नाही.

परतला तेव्हा ढोपरं वाळूने पोळली होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पक्षी बराच वेळ वरच फिरत होते.

संध्याकाळी तो बीहडावर चढला आणि चित्राचा फोटो हॉटेलवाल्याला पाठवला. उत्तर मिनिटात आलं. "हेच! हेच मोठं कर. पैसे वाढवून देतो." रात्री काठी घेऊन बसायचं त्याने ठरवलं होतं, पण दिवसभराच्या उन्हाने डोळा लागला.

दद्दा उजाडताना आला. नातीचा ताप उतरला होता. चहा ठेवायच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे दुर्बीण लावली, आणि लावूनच राहिला. मग काही न बोलता एकटाच नाव घेऊन गेला. बेटावर तो वाकून वाकून चालताना दिसत होता. परत आला तेव्हाही काही बोलला नाही. हात धुतले, बसला, आणि रोज संध्याकाळी म्हणायचा तेच आज सकाळी म्हणाला, "दाखव, काय काढलंस."

चित्रकाराने दाखवलं. न दाखवण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

दद्दा फार वेळ बघत राहिला. "झकास काढलंय," तो म्हणाला, आणि ते खरंच मनापासून होतं. "अंडी अगदी तश्शी. सावली पोटाखाली आहे, म्हणजे दुपार." मग त्याने बोट खळग्यावर आणलं. "दुपारी अंड्यांवर पनचिरा बसलेला असतो. ऊन लागू नये म्हणून. यात कुठाय?"

चित्रकार गप्प.

"आणि हा डाग कसला?"

"थेंब पडला, दद्दा. वरून उडताना एकाच्या अंगावरून."

"पोटावरून," दद्दा म्हणाला. "तापलं की ते नदीवर जाऊन पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. ते पाणी अंड्यांचं होतं."

चित्रकाराने सांगायला तोंड उघडलं. दद्दाने हाताने थांबवलं; बेटावर बुटांचे ठसे होते, सांगण्यासारखं उरलंच काय होतं? काठापासून घरट्यांपर्यंत गेलेले आणि परत आलेले. रात्री कुत्रा नेमका त्याच वाटेने गेला होता, ठशांना हुंगत, काही ठिकाणी ठशांवरच पाय देत. तीन खळगे रिकामे, वाळूत टरफलं.

मग दद्दाने वही काढली. शाळेच्या पोरांची असते तशी, रेघा आखलेली. तारीख, कुत्रा, कोल्हा, कावळा, गुरं, ट्रॅक्टर असे रकाने. ट्रॅक्टर वाळूचोरांचा. दद्दाचं अक्षर कच्चं होतं, त्यामुळे तो हळूहळू लिही. कुत्र्याच्या रकान्यात त्याने 1 लिहिला. मग शेवटच्या रिकाम्या रकान्यावर पट्टीशिवाय एक रेघ मारली, वर लिहिलं 'माणूस', आणि खाली 1.

वही मिटून तो चहाच्या मागे लागला.

त्याने चित्रकाराला हाकललं नाही. परवाना अजून शिल्लक होता, म्हणाला, आणि रात्रीच्या फेरीला माणूस हवाच आहे. तेव्हापासून रात्रीची काठी चित्रकाराकडे आली. बॅटरी घेऊन धारेच्या काठाने फिरायचं, चार डोळे चमकले की ओरडायचं. या कामात चित्र काढायला वेळ उरत नव्हता आणि त्याला फारसं काढवतही नव्हतं. तो नुसता बघायचा. तासचे तास, बेट. राखणदाराला बघण्याखेरीज उद्योगच नसतो.

हळूहळू त्याला कळू लागलं की दोनशे पावलांवरूनही बरंच काही दिसतं, फक्त ते डोळ्यात बघून कळत नाही. दुपारच्या बाराला सगळा थवा एका बाजूला सरकतो. एखादा पक्षी उठून नदीवर जातो, पोट टेकवतो, परत येतो, दुसरा उठतो. ही ये-जा ऊन वाढलं की वाढते, कललं की थांबते. सुरय पक्षी त्यांच्या शेजारीच अंडी घालतात. टिटवी आधी ओरडते, मग पाणचिरे उठतात, मग कुत्रं दिसतं, क्रम ठरलेला. संध्याकाळच्या रेघेचंही त्याला उमगलं. आजवर तो पक्षी काढून त्याच्यामागे रेघ ओढत होता. पण दुरून बघताना आधी पाण्यावरची रेघच दिसते, आणि मग ती जिथे संपते तिथे पक्षी शोधावा लागतो.

त्याने मोठा कागद काढला. वाळू रंगवलीच नाही. कागदाचा पांढरा तसाच सोडला, फक्त खालच्या कडेला रॉ सिएनाचा एक हात, इतका पातळ की कागद मळलाय का असं वाटावं. वर बीहडांची पट्टी, माथे एका पातळीत. मधल्या एवढ्या मोठ्या रिकामपणात पंधरा-सोळा खुणा, प्रत्येकी दोन फटकाऱ्यांच्या. आणि डाव्या कोपऱ्यातून पाण्यावर निघालेली एक रेघ. कुंचल्यात पाणी कमी ठेवून त्याने ती एका दमात ओढली आणि ती ताठ आली नाही.

दद्दाने चित्र पाहिलं, मग समोर बघितलं, मग पुन्हा चित्र. बोटाने खुणा मोजल्या. "एक कमी आहे," तो म्हणाला.

"तो पोट भिजवायला गेलाय."

दद्दा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

उरलेल्या घरट्यांतली काही पिल्लं जूनच्या सुरुवातीला बाहेर आली. वाळूच्याच रंगाची, हलली तरच दिसणारी. काही टिकली, काहींना कावळ्यांनी नेलं. त्याच सुमारास पलीकडच्या उंच काठावर घडियालाच्या मादीने वाळू उकरली आणि पिल्लं पाण्यात उतरली. पहिल्या जोरदार पावसानंतर बेट दिसेनासं झालं आणि परवानाही संपला.

हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता. त्याने मोठं चित्र भिंतीला टेकवून दोनदा पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, वाढप्याला बोलावून त्यालाही विचारलं. "भाऊ, यात पक्षी कुठेत? लोक विचारतील, भिंत रंगवायची राहिली का? मला ते दुसरं हवं होतं. फोटो पाठवलेला ते."

"ते द्यायचं नाही."

"का?"

चित्रकाराला हे नीट सांगता आलं नाही. ऊन, थेंब, कुत्रा असं काहीतरी तो बोलला. हॉटेलवाल्याला वाटलं, पोरगं पैसे वाढवून मागतंय, आणि त्याने आकडा वाढवलाही. शेवटी इसार परत करायचं ठरलं. तो चित्रकाराने हप्त्यांनी फेडला, अंगणवाड्यांच्या भिंतींवर अ-अननस रंगवून आणि दुकानांच्या पाट्या लिहून. त्या भिंतीवर आज छापील फ्लेक्स आहे, मोठ्या डोळ्यांचा. रात्री त्यामागे दिवे लागतात.

मोठं चित्र सरांच्या वर्गात गेलं. सर त्याबद्दल विशेष काही बोलले नाहीत. फक्त पहिल्या वर्षाच्या पोरांना त्याच्यापुढे उभं करून 'किती पक्षी?' असं विचारायची त्यांना सवय लागली. पोरं पुढे येतात, मागे जातात, कुणी बारा सांगतं, कुणी सतरा.

दुपारचं चित्र मात्र चित्रकाराने पुढच्या उन्हाळ्यात परत चंबळवर नेलं आणि दद्दाला दिलं. दद्दाने ते काचेत बसवून मांडवाच्या खांबाला टांगलं. आता तिकडे फोटोवाले वाढले आहेत. हातभर लांब लेन्सा, तरी सगळ्यांना आणखी जवळ जायचं असतं. मागच्या मेमध्ये दिल्लीहून आलेला एक जण दद्दाशी तासभर हुज्जत घालत होता, दहाच मिनिटं, एकच फेरी, वाटेल ते देतो. बोलता बोलता त्याची नजर खांबावर गेली आणि तो थबकला. चांगलं काय ते त्याला कळत होतं.

"हे कुणी काढलं? विकणार?"

"घ्या की."

"किती?"

"तीन घरटी," दद्दा म्हणाला.

तो हसला, आणि खरी किंमत विचारू लागला. दद्दाने फळीवरून जुनी वही काढली, पान उलगडलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. फोटोवाल्याने रकाने वाचले; शेवटच्या रकान्याशी तो जरा थांबला. मग त्याने तिपाई मांडवाखाली ओढली. दिवसभर तो उन्हाच्या नावाने बोटं मोडत होता, दुर्बिणीची तक्रार करत होता, चहाला नावं ठेवत होता. पण बसला इकडेच.